रताळ्याची राखण आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर

सुभेदार काका, नमस्कार.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, रानाला अगदी चिकटून. भात आहे, थोडा काजू आहे आणि माळाच्या तुकड्यात रताळी. डुकरं एका रात्रीत रताळ्याचे वाफे नांगरल्यासारखे करून जातात, गवे भात तुडवतात. वडिलांच्या नावावर पीक-संरक्षणाची एकनळी बारा बोअर आहे. वडील ७३ वर्षांचे, गुडघे गेलेत. त्यामुळे दोन वर्षं बंदूक घेऊन राखणीला मीच जातो. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या मामांना पहाटे अस्वलाने धरलं. जीव वाचला, पण तोंडावर पंजा बसला. तेव्हापासून बायको रात्री शेतावर जाऊ देत नाही. एकनळीत एकच बार, तो चुकला तर काय, असं ती विचारते आणि मला उत्तर देता येत नाही. म्हणून कमरेला एक छोटं हत्यार असावं असं वाटतंय. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल? एक ओळखीचा माणूस गावठी कट्टा देतो म्हणतोय, परवान्याच्या खेपा वाचतील. आणखी एक, चंदगडकडचे आमचे पाहुणे सुगी झाल्यावर डुकराच्या शिकारीला बोलावतायत. तिथेही ते उपयोगी पडेल. मोबाईलवर बघतो तर अमेरिकेतले शिकारी छातीवर पिस्तूल बांधूनच रानात जातात. कोणतं घ्यावं ते सांगा. नाव छापू नका.

— खानापूर तालुक्यातला एक शेतकरी

*

नाव छापत नाही. वयाने मी तुझ्या वडिलांच्या बरोबरीचा, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

आधी उत्तर देऊन टाकतो. रिव्हॉल्व्हर घेऊ नको, पिस्तूलही नको. कट्ट्याला तर हातसुद्धा लावू नको, आणि जो देतो म्हणतोय त्याच्या ओट्यावर पुन्हा बसू नको. चंदगडच्या पाहुण्यांना येणार नाही म्हणून आजच कळव.

पण नुसतं नको म्हटल्याने तुझ्या बायकोची झोप परत येणार नाही. तिचा प्रश्न खरा आहे. बार चुकला तर काय? त्याचं उत्तर तिला मिळायलाच हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठा लाइट इन्फंट्रीत मी पंचवीस वर्षं काढली. त्यातली काही वर्षं बेळगावच्या सेंटरवर नवीन पोरांना हत्यार शिकवण्यात गेली. रायफल शिकवायला सोपी. खांद्याला टेकते, दोन्ही हातांत बसते, गाल तिच्यावर टेकतो. पिस्तुलाला टेकायला काहीच नाही. मनगट जरा हललं की पंचवीस पावलांवर गोळी हातभर बाजूला जाते. भर दुपारी, सपाट रेंजवर, माणसाएवढं पुठ्ठ्याचं टारगेट जागेवर उभं, शेजारी उस्ताद ओरडायला हजर, आणि तरी पहिल्या दिवशी निम्म्या पोरांच्या गोळ्या मागच्या मातीत जायच्या. आता तेच पिस्तूल तुझ्या हातात दे. पहाटेचे चार, दव पडलेलं, बॅटरी डाव्या हातात, बंदूक खांद्याला, आणि समोरून काळं काहीतरी येतंय.

अस्वल ताशी तीस किलोमीटरच्या आसपास धावतं. हिशेब कर, पंधरा मीटर अंतर ते दोन सेकंदांच्या आत तोडतं. आणि आपल्याकडे अस्वल पंधरा मीटरवर दिसतं तरी कुठे? बांधावरून वळलास की ते चार-पाच पावलांवर असतं. कमरेचं हत्यार काढून, नेम धरून, चाप ओढायला शिकलेल्या माणसालाही दिवसाउजेडी दीड-दोन सेकंद लागतात. तुझ्या अंगावर घोंगडं असणार, वर प्लॅस्टिकचा कागद. तोवर ते तुझ्यावर पोचलेलं असेल.

समजा, गोळी सुटली आणि लागलीही. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण सहा ग्रॅमची, नळीतून बाहेर पडताना तिच्यात पावणेदोनशे जूलच्या आसपास जोर. तुझ्या वडिलांच्या बारा बोअरच्या काडतुसात दोन हजार जूलच्या वर असतो. म्हणजे जे चुकेल म्हणून तू घाबरतोस त्याच्या दहाव्या हिश्श्याचंही हे दुसरं हत्यार नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, बत्तीस बोअरचंच, वजन अर्धा किलो, बायकांना पर्समध्ये ठेवता यावं म्हणून. हाताच्या अंतरावरच्या माणसासाठी ते केलंय. शंभर किलोच्या अस्वलाची दाट केसांची कातडी, खालची चरबी, रुंद हाडं, यांचा विचार ते बनवताना कुणी केलेला नाही. रानडुकराच्या नराच्या खांद्यावर तर कातडीखाली टणक ढालच असते. गव्याबद्दल बोलायलाच नको, मोठा नर हजार किलोपर्यंत जातो. लागलेली पण न थांबवणारी गोळी न लागलेल्या गोळीपेक्षा वाईट. जे जनावर तुला हुंगून निघून गेलं असतं ते आता जखमी झालेलं असतं.

अमेरिकेतले शिकारी छातीवर पिस्तूल बांधतात हे तू बघितलंस ते खरं आहे. पण त्या छातीवर काय असतं ते बघ. चव्वेचाळीस मॅग्नम, जे १९५५ साली निघालं, किंवा दहा मिलिमीटरचं पिस्तूल. चव्वेचाळीसचा जोर बत्तीसच्या सात-आठ पट, रिव्हॉल्व्हर किलोच्या वर. कमरेला पाठपिशवीचा पट्टा येतो म्हणून छातीवर. तिथे शिकार कायद्याने चालते, हंगाम ठरलेला असतो, आणि ही माणसं वर्षभर रेंजवर शेकड्यांनी गोळ्या उडवून हात बसवतात. वडिलांच्या परवान्यावर वर्षाच्या काडतुसांचा आकडाच लिहिलेला असणार. सरावाला आणशील कुठून? आणि तिथेही अस्वलांच्या रानात जाणाऱ्यांना जाणकार लोक पिस्तुलाच्या आधी मिरचीचा फवारा सांगतात. अलास्कातल्या घटनांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपकिरी अस्वलावर फवारा मारल्यावर शंभरातल्या ९२ वेळा ते थांबलं होतं. आपलं अस्वल वेगळ्या जातीचं आणि जास्त तापट, त्यामुळे तो आकडा इथे जशाच्या तसा लावत नाही. पण फवाऱ्याला नेम लागत नाही, ढग उडतो, आणि शेजाऱ्याला लागला तरी तो मरत नाही, एवढं लक्षात ठेव.

शिकारीत कमरेला दुसरं हत्यार ही रीत आपल्याकडेही होती. इंग्रजांच्या काळात हत्तीवरून वाघाची शिकार करायचे तेव्हा हौद्यात एक आखूड, रुंद तोंडाचं, दोन किंवा चार नळ्यांचं पिस्तूल ठेवायचे. हौदा पिस्तूलच नाव त्याचं. जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढून हौद्यापर्यंत आला तर त्याच्या तोंडात ठासायला. म्हणजे ते हत्यार कशासाठी होतं बघ. मुळात जनावराला आपण जखमी केलं, मग ते आपल्यावर आलं. राखणीला जाणाऱ्या माणसावर अशी वेळच येऊ नये. तू वाघाच्या मागे लागलेला नाहीस, तुला रताळी वाचवायची आहेत.

आता घरातली गोष्ट सांगतो. १९६६ साल, मी दहा वर्षांचा. तेव्हा हा वन्यजीव कायदा नव्हता. वडिलांकडे ठासणीची बंदूक. रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून त्यांनी डुकराला बार काढला, लागला, पण डुक्कर पडलं नाही, ओरडत करवंदीच्या जाळीत शिरलं. सकाळी वडील, माझा चुलता आणि गावातले दोघे रक्त बघत बघत मागे गेले. मी बांधावर उभा होतो. जाळीतून ते निघालं तेव्हा फक्त आवाज आला, पानं फाटल्याचा. वडील खाली, डुक्कर वर, मांडी गुडघ्यापासून वर फाटलेली. चुलत्याच्या हातात भाला होता, त्याने तो जवळून, अगदी वाकून खुपसला. त्या क्षणी चुलत्याच्या हातात पिस्तूल असतं तर? मी पुढे आयुष्यभर हत्यारं हाताळली आणि हा प्रश्न स्वतःला कितीदा विचारला. माणूस आणि जनावर एकमेकांत गुंतलेले, दोघेही हलतायत, आणि गोळी घालणाऱ्याचे हात थरथरतायत. गोळी वडिलांना लागली असती असं मला आजही वाटतं. वडील वाचले, बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकने बेळगावला नेलं. पण पुढची सव्वीस वर्षं ते लंगडत चालले.

म्हणून तुझ्या बायकोला सांग, बार चुकला तर भिण्याचं कारण नाही. डुक्कर पळून जातं, बस. भिण्याची गोष्ट अर्धवट लागलेला बार ही आहे, आणि सकाळी त्याच्या मागे जाळीत जाणारा माणूस ही आहे. हे दोन्ही तुझ्या हातात आहे.

पाहुण्यांच्या शिकारीचं बोलतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे, हे तुलाही ठाऊक असणार. कोणत्या जनावराला किती संरक्षण, याच्या त्यात याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तर अस्वल, गवा, बिबट्या, हत्ती पहिल्या. डुकराच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फासा लावणं, विष घालणं, पकडायचा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. भीमगड अभयारण्य २०११ साली झालं, त्याची हद्द कुठून जाते हे रात्री जाळीत कुणाला कळतं?

पण तुला एक गोष्ट नीट समजून सांगायची आहे, कारण तुझ्या पत्राचा सगळा गुंता तिच्यात आहे. त्याच कायद्याचं अकरावं कलम म्हणतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे जनावर मारलं वा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. ही मोठी सवलत आहे, आणि योग्य आहे. मात्र लगेच पुढे अट आहे. जीव वाचवायची वेळ आली तेव्हा तो माणूस कायदा मोडणारं काही करत असेल तर ही सवलत त्याला नाही. म्हणजे तू पाहुण्यांबरोबर डुकराच्या मागे गेलास, वाटेत अस्वल अंगावर आलं, तू कमरेचं हत्यार काढून ते मारलंस, आणि समज जगलासही, तरी अस्वलाच्या शिकारीचा गुन्हा तुझ्यावर लागू शकतो. ज्या हत्याराला तू बॅकअप म्हणतोस त्याचा आधार शिकारीत असतानाच तुटतो. शेतात, आपल्या बांधावर, पिकाची राखण करताना अस्वल आलं तर कायदा तुझ्या बाजूला उभा राहतो. तिथेच थांब.

पाहुणे तर सीमेपलीकडचे. आपल्याला चंदगड परकं वाटत नाही, सोयरीक तिकडे, जत्रा तिकडे. पण वडिलांचा परवाना कर्नाटकातला, आणि पीक-संरक्षणाचा परवाना आपल्या पिकासाठी असतो. ती बंदूक घेऊन पलीकडे तिलारीच्या रानात सापडलास तर दोन राज्यांच्या कोर्टांत फेऱ्या मारशील. कट्टा सापडला तर ते आणखी वेगळं. विनापरवाना हत्यार बाळगलं म्हणून कमीत कमी दोन वर्षांची कैद आहे, पाचापर्यंत जाते. शिवाय पाण्याच्या पाइपातून किंवा गाडीच्या जुन्या रॉडमधून केलेली ती नळी काडतुसाच्या दाबाला टिकेलच असं नाही. फुटली तर तुझ्याच हातात फुटते.

कोडगूचं, म्हणजे कुर्गचं, उदाहरण मला लोक नेहमी देतात. तिथल्या कोडवा लोकांना आणि जम्मा म्हणजे वंशपरंपरेच्या जमीनवाल्यांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. पण ती तिथली, त्यांच्या जुन्या हक्काची. बेळगाव जिल्ह्याला ती लागू नाही. आणि शिकारीची सूट तर त्यांनाही नाही.

आता एक कडू गोष्ट. दोन वर्षं वडिलांची बंदूक तू एकटाच घेऊन जातोस, हेही चालत नाही. शस्त्र कायद्यात परवानाधारक स्वतः हजर असेल तर दुसऱ्याने त्याच्यासाठी बंदूक उचलून नेणं चालतं, किंवा दुरुस्तीला आणि नूतनीकरणाला त्याच्या लेखी परवानगीने नेता येते. वडील घरात झोपलेले आणि तू माळ्यावर बंदूक घेऊन बसलेला, हे त्यात बसत नाही. तुला दोष देत नाही, आपल्या भागात घरोघरी हेच चाललंय. पण ज्या रात्री काही घडेल त्या रात्री हाच पहिला प्रश्न येईल.

आणि याचा उपाय कायद्यातच आहे, फार लोकांना माहीत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो आपल्या वारसाच्या नावावर परवाना मिळावा म्हणून अर्ज करू शकतो. तुझे वडील त्र्याहत्तरचे आहेत. हे काम लगेच हाती घे. बेळगावला डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, अर्ज, वडिलांची संमती, बाकीच्या वारसांची हरकत नाही म्हणून सही, आणि हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. बहिणी असतील तर त्यांच्याशी आधीच बोल, शेवटच्या दिवशी नको. आणखी एक अट तुमच्या गावाला लागू होऊ शकते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर वन खात्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांची आधी संमती लागते, आणि तेवढ्या अंतरात राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वन खात्याकडे नोंदवावं लागतं. वडिलांनी नोंदवलं आहे का, ते रेंज ऑफिसात जाऊन बघ. रिव्हॉल्व्हरच्या नादात पडला असतास तर हीच भिंत समोर आली असती. पीक-संरक्षणासाठी कायदा मुळात ठासणीची बंदूक धरतो, ती पुरत नसेल तर लांब गुळगुळीत नळीची दुसरी. रिव्हॉल्व्हर त्यात येतच नाही, त्याला वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. परवान्यावर आता जास्तीत जास्त दोन हत्यारं मिळतात, तेही ध्यानात ठेव.

परवाना तुझ्या नावावर आला की मग बोलूया दुसऱ्या बाराबद्दल. तुला बॅकअप हवाच असेल तर तो दुनळीची दुसरी नळी आहे. परवानगी घेऊन एकनळी बदलून बारा बोअरची दुनळी घे. तेच काडतूस, तोच खांदा, तोच नेम, आणि दुसरा बार बोट पुढच्या चापावरून मागच्या चापावर नेण्याइतका लांब. कमरेला हात घालायचा नाही, बॅटरी टाकायची नाही. माझ्या मते राखणीच्या माणसाला याहून चांगलं दुसरं हत्यार नाही. आणि तोही बार हवेत. पीक-संरक्षणाच्या बंदुकीचं काम आवाज करणं. डुकराला मारायचंच झालं तर वन खात्याची लेखी परवानगी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारचं असतं, तुझं नव्हे.

दिसल्याशिवाय, आणि ते काय आहे ते ओळखल्याशिवाय, नळी कधीही आवाजाकडे वळवू नको. उसात खुसफुसलं म्हणून डुक्कर समजून बार काढला आणि आत माणूस निघाला, असं घडलं आहे आणि पुढेही घडेल. माळ्यावर चढताना बंदूक उघडून काडतूस खिशात, बंदूक दोरीने वर, मग तू. उतरताना तसंच उलट. घोडा अर्धा चढवून शिडी चढणारे मी पाहिलेत. तसं एकदाही करू नको.

खरा बॅकअप म्हणजे दुसरा माणूस. मी हे फौजेत शिकलो आणि शेतात पक्कं झालं. एकटा राखणीला जाऊ नको. शेजारच्या चार शेतांनी मिळून पाळी लावा, दोघे-दोघे. एकाकडे बंदूक, दुसऱ्याकडे मोठी बॅटरी आणि डबा. बॅटऱ्या दोन, कारण एक ऐनवेळी विझते. जाताना-येताना बोलत जा, काठी आपटत जा, मोबाईलवर भजन लाव. अस्वलाला दिसतं कमी, ऐकूही कमी येतं, वास तेवढा लांबून येतो. वारा उलटा असला की आपण जवळ आलो ते त्याला कळतच नाही. आणि ते दचकून अंगावर येतं. वैर म्हणून नव्हे, भीतीने. पिल्लू पाठीवर असलेली मादी असेल तर जास्तच. संध्याकाळ आणि पहाट हे त्याचे फिरायचे वेळ. वारूळ, जांभूळ, करवंद, फणस जिथे, तिथे ते. तुमच्या मामांना पहाटे धरलं म्हणतोस. ते एकटे होते, हातात उजेड नव्हता, असं मी न विचारता सांगतो. पहाटेचा परसाकडचा फेरा हा बंदुकीने सुटणारा प्रश्नच नाही, तो घराजवळच्या संडासाने सुटतो. कुत्रं पुढे सोडू नको. ते अस्वलाला छेडतं आणि पळत तुझ्याकडेच येतं.

तरी अंगावर आलंच आणि पळायला जागा नसेल, आणि पळून तुला त्याच्यापेक्षा वेग येणारच नाही, तर पालथं पड. पोट जमिनीला, बोटं मानेच्या मागे एकमेकांत घट्ट, कोपर तोंडाच्या दोन्ही बाजूंना. ते तोंडावर आणि डोक्यावरच मारतं. हल्ला बहुतेक वेळा थोडा वेळ असतो, ते बाजूला झालं तरी लगेच उठू नको. दोघे असाल तर दुसऱ्याने ओरडायचं, डबा वाजवायचा, उजेड थेट डोळ्यांत. हे बायकोलाही दाखव, घरात चटईवर करून दाखव. हसतील पोरं, हसू देत.

शेताचं म्हणशील तर सौर कुंपण बघ. सेकंदाला एक झटका देणारं, बॅटरीवर चालणारं. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर वर, नाहीतर ते खालून उकरून शिरतं. गवत वाढलं की तार जमिनीला टेकते आणि झटका मरतो, म्हणून आठवड्याला एकदा कापायचं. वन खात्याकडून अनुदान मिळतं, फॉरेस्ट ऑफिसात चौकशी कर. घरची विजेची लाइन तारेला जोडणारे आपल्याकडे आहेत. ते कदापि करू नको, तसल्या तारेवर माणसं गेली आहेत, आपलीच. नुकसान झालं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढ आणि भरपाईचा अर्ज टाक. कर्नाटकात आता तो वन खात्याच्या ई-परिहार या ऑनलाइन नोंदीत टाकतात. मामांनी उपचाराच्या खर्चासाठी अर्ज केला नसेल तर त्यांनाही घेऊन जा. वन खात्याचा मदतीचा नंबर १९२६, तो बायकोच्या मोबाईलमध्ये घालून ठेव.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवसांतही डुकरं येणारच. म्हणून म्हणतो, पाळी आणि कुंपण आधी, बंदूक नंतर.

हे सगळं वाचून तुला वाटेल की सुभेदाराने एकच प्रश्न विचारला तर दहा कामं सांगितली. पण मी वडिलांचं लंगडणं सव्वीस वर्षं पाहिलं आहे, आणि ते पुन्हा कुणाच्या अंगणात दिसू नये असं मला मनापासून वाटतं.

डीसी ऑफिसचा अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला की काम लवकर पुढे सरकतं. तुझं कन्नड बोलायपुरतं असेल तर काळजी करू नको, माझी नात चांगलं लिहिते. वडिलांचं परवान्याचं पुस्तक, त्यांचं आणि तुझं आधार, आणि शेताचा उतारा घेऊन सदराच्या पत्त्यावर कळव, ती लिहून देईल. येताना वडिलांनाही आण. सही त्यांचीच लागणार आहे, आणि मलाही त्यांच्याशी जुन्या रानाबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत.